रव्याला फोन दे

नांदूरघाटात कुणाची आई नाहीतर बाप गेला आणि लेक बाहेरगावी असला, की माणसं सगळ्यात आधी अंगदच्या दारात यायची. सरपणाचं नंतर, पाहुण्यांना कळवायचं नंतर. अंगदची क्रुझर होती. एरवी तो लग्नाची, देवदर्शनाची, बाजाराची भाडी मारायचा आणि हुज्जत घालण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण या एका कामाला त्याच्यासारखा गडी तालुक्यात नव्हता. गावात त्या कामाला नुसतं 'आणायला जाणं' म्हणायचे. कुणी ऊसतोडीला कारखान्यावर, कुणी पुण्याला कंपनीत. तिथून त्याला उचलायचा आणि घरी आणायचा, पण काय झालंय ते वाटेत कळू द्यायचं नाही. "बापाला जरा बरं न्हाई, बघून येऊ," इतकंच सांगायचं.

ऐकायला सोपं वाटतं, करून बघावं एकदा. अंगदची त्यात रीत ठरून गेली होती. गडी भेटला की आधी काहीतरी निमित्त काढून त्याचा फोन आपल्याकडं घ्यायचा आणि गुपचूप बंद करून टाकायचा. आपलाही बंद ठेवायचा. वाटेत बळंच जेवायला घालायचं, कारण एकदा दारात पोचला की घशाखाली पाणीसुद्धा उतरायचं नाही. गाणी लावायची नाहीत, पण फार गप्पही बसायचं नाही. तुरीचा भाव काय चाललाय, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, असलं काढत राहायचं. शेवटी गाव जवळ आलं की बाजूला जाऊन घरी कळवायचं, म्हणजे गड्याला धरायला दोघंजण पुढं यायचे. सांगायचं काम अंगदचं नव्हतंच. दारातली गर्दी बघून ज्याचं त्याला कळायचं.

सरळ सांगून का टाकत नाही, असं एखादा शहाणा विचारायचाच. अंगद त्याला उत्तर द्यायचा नाही. त्याचा स्वतःचा बाप गेला तेव्हा तो चाकणला माल उतरवत होता आणि चुलत्यानं फोनवर एका दमात सांगून टाकलं होतं. भर रस्त्यात, परक्या माणसांत अंगद हंबरडा फोडून रडला. येणारे-जाणारे थांबून बघत होते, दारू पिलाय का म्हणून. तिथून घरापर्यंत त्यानं गाडी कशी आणली हे त्याला आजही आठवत नाही. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये, हे त्यानं तेव्हापासून मनात धरलं होतं.

तर हा अंगद, पिठाच्या गिरणीचा बद्रीनाथ आणि रविराज असे तिघं शाळेपासूनचे जोडीदार. चाळिशी आली तरी एकमेकांना बे-बे करणारे. त्यातला रविराज दीड वर्ष झालं गावाच्या बाहेर पडला नव्हता. त्याच्या आईच्या, छबुबाईच्या, अंगावरून वारं गेलं होतं. एक बाजू गेली आणि वाचाही गेली. आता ज्यानं छबुबाईचा आवाज ऐकला नाही त्याला यातलं दुःख कळायचं नाही. ती बांधावर उभी राहून "रव्याऽऽ" म्हणायची तर तिकडं वेशीत पत्ते कुटत बसलेला रविराज हातातली पानं टाकून उठायचा. ती बाई खाटेवर पडून नुसते डोळे फिरवत राहिली.

रविराजनं तिचं सगळं केलं. अंघोळ तेवढी बायकोच्या, अंजनाच्या हातची. बाकी भरवणं, कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, सगळं हा करायचा. रोज जेवण झालं की खाटेच्या कडेला बसून तिला गावची खबर सांगायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली. ती डोळ्यानं ऐकायची. एकदा गिरणीपुढं बसलेले असताना तो अंगदला म्हणाला, "मला आता देवाकडं काय मागायचं न्हाई बघ. एकदा नुसतं रव्या म्हणावं तिनं. शिवी दिली तरी चालंल."

शेवटी अंजनानंच अंगदला गाठलं. ह्यांना दोन दिवस कुठंतरी घेऊन जा भाऊजी, नाहीतर आईंच्या आधी हेच खाटेला लागतील, असं म्हणाली. मग रत्नागिरीचं ठरलं. समुद्र तिघांतल्या अंगदनंच बघितला होता, तोही भाड्याच्या गडबडीत. शुक्रवारी दिवस मावळायला गाडी निघाली. रविराज दोनदा उतरून परत घरात गेला. एकदा गोळ्यांचं सांगायला आणि एकदा कशाला ते त्यालाच सांगता येईना. बद्रीनाथनं दंडाला धरून त्याला गाडीत कोंबला.

सकाळी सकाळी ते मिरकरवाड्याच्या बंदरावर पोचले आणि तिघांचीही तोंडं उघडीच राहिली. आपल्याकडं बैलबाजारात जेवढा कालवा नसतो तेवढा कालवा. रात्रभर समुद्रात असलेल्या बोटी धक्क्याला लागत होत्या. टोपल्यावर टोपल्या वर चढत होत्या, बर्फाचे टेम्पो माणसांतून वाट काढत होते, आणि पदर खोचलेल्या बाया लिलाव बोलत होत्या, त्यांच्यापुढं बाप्यांचं काही चालत नव्हतं. बद्रीनाथचा नेमका शनिवार. नाकाला रुमाल लावून तो मारुतीचं नाव घेत एका खांबाला चिकटून उभा राहिला. रविराज मात्र लेकरासारखा झाला होता. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या खलाशापाशी उकिडवा बसून त्यानं त्याला हैराण केलं. आत गेल्यावर गाव दिसेनासं झालं की जीव घाबरतो का, परतीची वाट कशी सापडते. म्हातारा हसून हसून उत्तरं देत होता. अंगद लांबून बघत होता आणि त्याला लई बरं वाटत होतं. हा माणूस असा हसतो हे तो विसरूनच गेला होता.

तिथून ते भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. रविराजनं विजार गुडघ्याच्या वर गुंडाळली, खिशातला फोन अंगदच्या हातात दिला, भिजंल म्हणून, आणि पाण्यात शिरला. पहिली लाट पायावर आली तसा तो मागं पळाला आणि मग स्वतःलाच हसला. ओंजळीत पाणी घेऊन त्यानं तोंडाला लावलं आणि थुंकला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

फोन सुग्रीवचा होता. सुग्रीव म्हणजे रविराजचा धाकटा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारा. अंगदनं फोन घेतला आणि पहिल्यांदा त्याच्या कानावर आली ती गर्दी. रविराजच्या घरात पुष्कळ माणसं होती. बायका बोलत होत्या, एक रडत होती आणि ती अंजनाच असणार. एवढ्या सकाळी एवढी माणसं घरात कशाला जमतात हे अंगदला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अंगददादा, रविदादाला फोन दे," सुग्रीव म्हणाला. त्याला धाप लागली होती. "काकू बोलायली. खरंच बोलायली. त्यालाच हाका मारायली सकाळपासून. लवकर दे."

अंगदनं डोळे मिटून घेतले. त्याला त्या पोराचा राग आला. दीड वर्ष मुकी पडलेली बाई बोलतेय म्हणे. बरं, थाप मारायची तर धड मारावी, आईला जरा जास्त झालंय म्हणावं. पण याला तेवढीही अक्कल नाही, आणि वर खरंच खरंच म्हणतोय. आणि फोन कशाला पाहिजे? फोन कानाला लागला की हा रडून मोकळा होणार आणि तो तिकडं पाण्यात उभा आहे, परक्या गावात, तिथंच आडवा होणार. अंगदला चाकणचा रस्ता आठवला.

"समजलं मला," तो हळू आवाजात म्हणाला. "मी आणतो त्याला. तू काळजी करू नको."

"अरे आणतो काय, फोन दे की."

"सुग्रीव, तू अजून ल्हान हायेस. आता फोन करू नको," अंगद म्हणाला आणि फोन कापला. लगेच परत वाजला. त्यानं तो बंद केला. मग त्याचा स्वतःचा वाजला, सुग्रीवच. अंगदनं तो उचललाच नाही, बंद करून खिशात टाकला.

बद्रीनाथला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, म्हातारी गेली. बद्रीनाथचे डोळे भरून आले. ज्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली तिचं ऐकल्यावर दुसरं काय होणार? पण अंगदनं त्याला दटावलं, तोंड धुऊन ये म्हणाला, आणि त्याचाही फोन बंद करून घेतला. आता निघालो तरी दिवसाउजेडी पोचत नाही, हा त्याचा हिशेब. माती काही आज होत नाही, उद्या सकाळीच. मग घाई करून काय मिळणार? हा माणूस दीड वर्षांनी हसतोय. अजून दोन घटका हसू दे. पुढं त्याला हसायला कधी मिळंल कुणाला ठाऊक.

हे सगळं अंगदनं मायेपोटी केलं, यात काडीचीही शंका नाही.

दुपारपर्यंत त्यांनी रविराजला समुद्रावर खेळू दिलं. मग एका खाणावळीत बसून अंगदनं त्याला सुरमईचं ताट मागवलं आणि समोर बसून आग्रह करकरून खायला घातलं. रविराज म्हणाला, काय बे, मला काय फाशी देणारेत का उद्या, एवढं चारायलास. बद्रीनाथ आपल्या वरणभातात मान घालून बसला होता. सोलकढी पिता पिता रविराजनं फोन मागितला. आईनं पेज खाल्ली का ते विचारतो, म्हणाला.

अंगदचा हात खिशातल्या फोनवर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं सांगितलं की तू पाण्यात होतास तेव्हा वहिनींचा फोन येऊन गेला, सगळं चांगलं आहे, आईनं वाटीभर पेज खाल्ली. तुझ्या फोनची बॅटरी उतरलीय आणि आमचीही. रविराजनं मान डोलावली. घरी गेल्यावर आईला सांगायला लई हाय, असं म्हणून तो बंदरावरच्या म्हाताऱ्याच्या गोष्टी परत सांगायला लागला. एवढा वेळ खोटं बोलायची अंगदला सवय होती, पण यावेळी त्यानं आपलं ताट अर्धं तसंच सारलं.

मुक्काम करायचा ठरला होता. अंगदनं अचानक भाडं लागलंय म्हणून सांगितलं, उद्या पहाटेचं लग्नाचं वऱ्हाड आहे, मोठं गिऱ्हाईक आहे, मोडता येत नाही. रविराज जरा हिरमुसला. मग म्हणाला, जाऊ दे, तसंही माझं निम्मं मन घरीच हाय. पुन्हा येऊ, तेव्हा आईला पण आणू, गाडीत गादी टाकून. अंगदनं गाडी चालू केली ती आरशात न बघता.

आंबा घाट चढून गेले, कोल्हापूर मागं पडलं, मिरज मागं पडलं. अंगद बाजारभावाचं बोलत होता, बोअरच्या पाण्याचं बोलत होता. रविराज मागच्या सीटवर कधी झोपायचा, कधी उठून खिडकीतून उसाच्या बैलगाड्या बघायचा. दिवस कलायला लागला तशी अंगदनं एका टपरीपाशी गाडी उभी केली. चहा आणि भजी सांगितली. आता घरी कळवून ठेवणं भाग होतं. माणसं सांगून ठेवायला पाहिजेत, बर्फाचं काय केलंय ते विचारायला पाहिजे. लघवीला जातो म्हणून तो टपरीच्या मागं गेला आणि फोन चालू केला. चालू केल्याबरोबर तो थरथरायला लागला आणि थांबेचना. सगळे सुग्रीवचे, अंजनाचे आणि गावातल्या आणखी कुणाकुणाचे. अंगदनं सुग्रीवला लावला आणि त्याला बोलू न देता सांगितलं की आम्ही निम्म्याच्या पुढं आलोत, त्याला अजून काही कळू दिलं नाही, दारात दोघंजण तयार ठेव.



"आता कशाला आणायलास?" सुग्रीव म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "आता गेली काकू. आत्ता, चहाच्या टायमाला."

अंगदला आधी त्याचा अर्थच लागला नाही. "आत्ता म्हंजे?"

"आत्ता म्हंजे आत्ता. सकाळपासून बोलत होती दादा. उठून बसली, चहा पिली. निम्मं गाव बघाया आलतं. वैनी आनंदानं रडायलती. तुला सांगितलं न्हवतं का मी? खरंच म्हणलो न्हवतो का?"

अंगद फोन कानाला लावून उभा राहिला. पुढं सुग्रीव काय बोलला ते त्याच्या कानात शिरलं नाही. पलीकडच्या रानात एक बाई गवताचा भारा उचलायला कुणाला तरी हाका मारत होती. त्याला एकदम वाटलं की गाडी घ्यावी आणि उलट्या दिशेनं निघून जावं, त्या बोटींबरोबर समुद्रात जावं, जिथून गाव दिसत नाही. मग तो वळला. टपरीच्या पुढं आला.

रविराज बाकड्यावर बसून भजी खात होता. "काय बे, भाडं मोडलं का काय?" त्यानं विचारलं. "तोंड कावून असं पडलंय?"

बद्रीनाथनं अंगदकडं बघितलं आणि काहीतरी बिघडलंय हे त्याला कळलं. अंगदनं आजवर एवढी माणसं आणली, पण हे वाक्य त्यानं कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. ते कसं म्हणायचं असतं हेच त्याला येत नव्हतं. तो रविराजच्या पुढं मातीतच बसला.

"रव्या, आई गेली," तो म्हणाला.

रविराजच्या हातातलं भजं तसंच राहिलं. त्यानं कधी म्हणून विचारलं. आत्ता, अंगद म्हणाला. इथं तो थांबला असता तर फोन त्यानंच अडवला हे रविराजला आजच कळलं नसतं. कदाचित कुणी गावात सांगितलंही असतं, कदाचित नसतं. बद्रीनाथनं नंतर त्याला तेच विचारलं, तिथंच का नाही थांबलास. पण अंगदला आता एकही खोटा शब्द तोंडातून काढवत नव्हता.

"सकाळपासून बोलत होती. वाचा आलती तिला. तुझ्या नावानं हाका मारत होती. सुग्रीवनं फोन केलता, तुला दे म्हणला. मी दिला न्हाई. मला वाटलं ती गेलीया आणि तो थाप मारायलाय. म्हणून मी फोन बंद केले."

तो हे बोलत असताना रविराज त्याच्याकडं नीट बघत होता, मास्तरचं गणित समजून घेतल्यासारखा. "आई बोलली?" त्यानं विचारलं.

"हां."

"काय बोलली?"

"मला ठाऊक न्हाई," अंगद म्हणाला आणि त्याचा बांध फुटला. बापासाठी रडला नव्हता तेवढा तो रडला. टपरीवाला चहाचं पातेलं तसंच धरून बघत राहिला. बद्रीनाथही रडत होता. रविराज मात्र रडला नाही. त्यानं हात पुढं केला. अंगदनं त्याचा फोन त्याच्या हातावर ठेवला.

रविराजनं अंजनाला फोन लावला आणि तो रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन उभा राहिला. तो बोलत नव्हता, नुसता ऐकत होता. मधेच एकदा त्यानं डोक्याला हात लावला. एकदा "परत सांग" म्हणाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा "परत सांग" म्हणाला. दिवस बुडाला. टपरीवाल्यानं दिवा लावला. अंगदला वाटत होतं, आता हा येऊन आपल्याला मारील, आणि त्यानं मारावं असंही वाटत होतं. दोन लाथा घातल्या असत्या तर श्वास तरी आला असता.

रविराज आला. त्यानं अंगदला मारलं नाही की शिवीही दिली नाही. समोर उभा राहिला आणि गावची खबर सांगावी तशा आवाजात सांगायला लागला.

"अंजनानं लई येळा लावला फोन. तुझा बंद, माझा बंद, बद्र्याचा बंद. शेवटी आई म्हणली, माझ्या कानाला लाव. तर तिनं लावला. त्यात ती बाई बोलती न्हाई का, फोन बंद हाय म्हणून. आईला काय कळतंय. आई तिलाच बोलत बसली."

मग त्यानं आईचे शब्द सांगितले.

"बाई, तू कोण हायेस मला ठाऊक न्हाई, पण तिथंच माझा रव्या असंल बघ. तेवढा त्याला फोन दे. अशी किती येळ म्हणत होती म्हणे. अंजनानं काढून घेतला तर सोडंना."

बद्रीनाथनं अंगदच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. रविराज दार उघडून मागं जाऊन बसला आणि अंगद अजून मातीतच आहे हे बघून त्यानं खिडकीतून त्याला हाक मारली.

"चल, ऊठ," तो म्हणाला. "माणसं थांबलीत."